ड्रमवरची उलटी अक्षरं

जुलैतला धो धो पाऊस, फोर्टातलं वकिलांचं ऑफिस आणि दुपारी हायकोर्टात दाखल करायचं प्रतिज्ञापत्र. लेझर प्रिंटरची प्रिंट मात्र अशी येत होती, की ओळीच्या मधेच अक्षरं विरून जायची. कार्ट्रिज बदलून झालं होतं, तरी तेच. "दादा, रीफिलवाल्यानं भेसळ टोनर भरलाय," काका म्हणाले. ते तिथले जुने कारकून. रीफिलवाल्याचे पैसेही त्यांनी अडवून ठेवले होते.

मी प्रिंटर दुरुस्त करतो. टोनरवर, म्हणजे छपाईच्या भुकटीवर, खापर फोडण्याआधी मी ड्रम बघतो, कार्ट्रिजमधला तो दंडगोल, ज्यावर अक्षर आधी उमटतं आणि मग कागदावर उतरतं. प्रिंट द्यायला सांगितली आणि कागद अर्ध्यात असतानाच झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर ओढलं, ड्रमवरचं शटर वर केलं. ड्रमवर प्रतिज्ञापत्राच्या ओळी होत्या. आरशात दिसावं तशा उलट्या, पण काना-मात्रेसकट ठसठशीत.

वकील मॅडम वाकून बघत राहिल्या. "हे इथं उमटतं कसं?"

ड्रमवर आधी सगळीकडे साधारण उणे 600 व्होल्टचा चार्ज बसतो. लेझर जिथं पडतो तिथं तो बराचसा उतरतो. टोनरची भुकटीही ऋणभारित. चार्ज असलेला भाग तिला दूर लोटतो, उतरलेल्या जागी ती चिकटते. लेझरनं लिहिलेलं अक्षर तोवर अदृश्यच असतं, टोनर त्याला रूप देतो. विद्युतभारानं चित्र धरून त्यावर भुकटी बसवायची ही युक्ती चेस्टर कार्लसन यांनी 1938 साली करून दाखवली, लेझर प्रिंटरच्या कितीतरी आधी. मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर पायरी हीच वाटते, आणि गिऱ्हाईकाला ती कधीच दिसत नाही. ड्रमला उजेड सोसत नाही, म्हणून कार्ट्रिज लगेच कापडात गुंडाळलं.

ड्रमवर अक्षर शाबूत, म्हणजे चार्जिंग, लेझर, टोनर तिन्ही ठीक. घोळ पुढे, कागदावर उतरताना. तिथं ट्रान्स्फर रोलर कागदाच्या पाठीमागून धन चार्ज देऊन टोनर ओढून घेतो. कागद दमट असला की तो चार्ज कागदातून निसटतो आणि टोनर नीट उतरत नाही. अडकलेला कागद हातात घेतला, तर सर्द. उघडी रीम खिडकीखाली पडून होती.

काकांनी कपाटातली सीलबंद रीम फोडली. पहिल्याच पानावर अक्षरं काळीभोर आली.

"काका, आजच त्या रीफिलवाल्याचे पैसे देऊन टाका," मी म्हटलं. मॅडमनी पाकीट माझ्यासमोरच काढलं.