फिलमोरच्या चार रात्री, कात्री न लावता

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'अ‍ॅट फिलमोर'चा चार सीडींचा संच घेणार असाल तर आधी तारखा पाहा. फिलमोर नावाची दोन सभागृहं, तिथल्या 1970 मधल्या कार्यक्रमांचे एकाहून जास्त अल्बम आहेत आणि गोंधळ हमखास होतो. 7 मार्चचा अल्बमही न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधलाच, पण त्यात सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर आहे आणि ऑर्गनवादक कीथ जॅरेट नाही. 'ब्लॅक ब्यूटी' 10 एप्रिलचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टचा. आपला संच 17 ते 20 जूनचा, बुधवार ते शनिवार. तो 2014 मध्ये माइल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या 'बूटलेग सिरीज'चा तिसरा भाग म्हणून निघाला.

1970 च्या मूळ डबल एलपीवर प्रत्येक रात्रीला एकच बाजू मिळाली होती. बाजूंना नावंही वारांचीच. एका बाजूवर 22 ते 28 मिनिटं मावली, म्हणून निर्माता टिओ मॅसेरोनं टेप कापली. पण नुसती छाटणी केली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. बुधवारची बाजू लावा: 'डायरेक्शन्स' अडीच मिनिटांत संपतं, लगेच 'बिचेस ब्रू'चा मिनिटभराचाही नसलेला तुकडा येतो, मग 'द मास्क'. संचात तेच 'डायरेक्शन्स' दहा मिनिटांच्या आसपास चालतं आणि 'बिचेस ब्रू' पार शेवटाकडे आहे. शनिवारच्या बाजूवर तर 'डायरेक्शन्स' नाहीच. मॅसेरोनं जोडलेली ती वेगळी रचना आहे. म्हणून संच आला तरी जुना एलपी विकू नका.

त्या एलपीची एक अडचण मात्र खरी आहे. 33⅓ फेऱ्यांच्या वेगानं सुई बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच वाचते, आतल्या टोकाला जेमतेम 21. तेवढ्याशा जागेत तोच तार स्वर दाटीनं कोरावा लागतो आणि तो फाटतो. शुक्रवारची बाजू 28 मिनिटांच्या घरात, म्हणजे खाचा आधीच चिकटून. त्यात शेवटची तेरा मिनिटं 'बिचेस ब्रू'ची. ड्रमर जॅक डीजॉनेटच्या झांजा तिथं खरखरल्या तर सुईला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्या. सीडीवर त्या स्वच्छ येतात.

एका बैठकीत एकच रात्र ऐका. चिक कोरियाच्या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज मध्येच चिरकलेल्या घंटेसारखा होतो, तो टेपचा बिघाड नव्हे. ते रिंग मॉड्युलेटरचं काम. हे यंत्र आलेल्या सुराची स्वतःच्या लहरीशी बेरीज आणि वजाबाकी करून देतं: सूर 440 हर्ट्झचा, लहर 100 ची, तर बाहेर पडतात 540 आणि 340. सूर बदलला की त्या दोघांतलं गुणोत्तरही बदलतं, त्यामुळे ओळखीची चालसुद्धा परकी वाटते. जॅरेट ऑर्गनवर आहे. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत टिकतो, पियानोचा विरत जातो. गर्दीत दोघांना वेगळं काढायला ही खूण पुरते.

सीडी संगणकावर उतरवताना एमपी3 टाळा, आवाजातलं काहीही न गाळणारी फ्लॅक फाइल ठेवा. माइल्स पुढच्या रचनेचा एखादा तुकडा ट्रम्पेटवर सुचवतो आणि सगळे न थांबता तिकडे वळतात, त्यामुळे ट्रॅकची सीमा चालू वादनाच्या मधोमध पडते. एमपी3 फाइलच्या दोन्ही टोकांना इवलीशी शांतता चिकटते आणि नेमकी तिथंच उचकी लागते. प्लेअरमध्ये गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद. आवाज समतोल करायची सोय वापरायचीच असेल तर ती ट्रॅकवार नको, अल्बमवार हवी. नाहीतर शुक्रवारचं 'आय फॉल इन लव्ह टू ईझिली' हे हळवं गाणं 'बिचेस ब्रू'इतकंच मोठ्यानं वाजेल आणि नंतरच्या उसळीतला जोरच जाईल.

संचात 11 एप्रिलच्या फिलमोर वेस्टच्या तीन रचनाही आहेत. त्या मात्र वेगळ्या बसून ऐका: जॅरेट अजून आलेला नाही, कोरियाला एकट्याला मोकळी जागा आहे, आणि त्यातल्या 'पॅराफर्नेलिया' व 'फूटप्रिंट्स' या दोन्ही वेन शॉर्टरच्या, साठच्या दशकातल्या माइल्सच्या जुन्या पंचकाच्या (पाच वादकांच्या संचाच्या) दिवसांतल्या.