इंटरेस्ट नसतो म्हणे!

आज भाच्यासोबत पुण्यात एका बीजीएमआय (मोबाईलवरचा टीमने खेळायचा शूटिंग गेम) टूर्नामेंटला गेले होते, हॉल भरून पोरं आणि मुलींची टीम एकच. आयोजक पोरगा म्हणतो, "ताई, मुलींना इंटरेस्टच नसतो हो." त्या टीममधली एक शेजारीच बसलेली, ती सांगत होती की रँडम स्क्वॉडमध्ये, म्हणजे अनोळखी लोकांच्या टीममध्ये, माईक ऑन केला की पहिला प्रश्न "मुलगी आहेस का", मग इन्स्टा आयडी, नाही दिला की शिव्या, म्हणून माईक बंदच ठेवते. आता न बोलता टीम गेम कसा जमायचा? त्यात प्रॅक्टिस रात्री अकराला, तेव्हा आई म्हणते ठेव तो फोन (भावालाही म्हणते, पण तो ऐकत नाही आणि ते चालून जातं).

बरं, भारी खेळली तरी पंचाईतच. कोरियाच्या गेगुरी या गेमरवर २०१६ मध्ये ओव्हरवॉच या शूटिंग गेममध्ये चीटिंगचा आरोप झाला, बिचारीला कॅमेऱ्यासमोर लाईव्ह खेळून दाखवावं लागलं. २०१८ ला ती ओव्हरवॉच लीग या त्याच गेमच्या प्रोफेशनल लीगमधली पहिली महिला खेळाडू झाली ते वेगळं.

व्हॅलोरंट या पीसीवरच्या शूटिंग गेममध्ये २०२१ पासून मुलींसाठी गेम चेंजर्स ही वेगळी स्पर्धा आहे, चांगलंच आहे, पण आपल्याकडे घरात गेमिंग पीसी असलाच तर तो दादाच्या खोलीत.