अप्पाकाकांना जहाज वाचून दाखवताना

बेळगाव, शहापूर. बुधवार, रात्री दहा वाजून गेलेत.

सात वाजता गेलेली लाईट अजून आलेली नाही. पाऊस चार दिवस धरून बसलाय. अप्पाकाका, आमचे रिटायर फौजी, उचगावहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेत आणि आठवडाभर आमच्याकडेच आहेत. एका डोळ्याला पट्टी, पेपर बंद, टीव्ही बंद. म्हातारा कंटाळून गेलाय. परवा रात्री मला म्हणाले, "तू बॅटरी लावून एकटाच काय वाचालास? मोठ्यानं वाच की. माझे कान कुठं गेल्यात?"

मी वाचत होतो अ‍ॅलिस्टर मॅक्लीन, इंग्रजीत युद्धाच्या आणि साहसाच्या कादंबऱ्या लिहिणारा स्कॉटिश लेखक, बऱ्याच वर्षांनी.

या माणसाचं आणि माझं जुनं प्रकरण आहे. कॉलेजात असताना कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे बदली झालेल्या ऑफिसरांच्या घरची पुस्तकं यायची, किलोच्या भावानं. त्या ढिगात मला 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' मिळालं. कव्हर फाटलेलं, शेवटची दोन पानं गायब. (तोफा उडाल्या की नाही हे मला तेव्हा सिनेमा बघून कळलं.) मग 'आइस स्टेशन झीब्रा', 'व्हेअर ईगल्स डेअर', जे मिळेल ते. 'ईगल्स'मधल्या केबल कारच्या छतावरच्या मारामारीचं पान मी मित्रांना इतक्या वेळा वाचून दाखवलंय की आजही डोळे मिटून सांगेन.

म्हणून परवा सुरुवात नॅव्हरोननंच केली. इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं आपलं मराठी करत जायचं. ग्रीसजवळचं एक बेट, कड्यात बसवलेल्या जर्मनांच्या दोन अजस्र तोफा, शेजारच्या बेटावर अडकलेले बाराशे ब्रिटिश सैनिक. त्यांना सोडवायला जहाजं यायची तर आधी तोफा बंद करायला हव्यात, आणि त्यासाठी कडा चढून जाणारी पाच माणसं. अप्पाकाका तासभर ऐकत होते. मध्येच म्हणाले, "हे बरं आहे. पण ही गोष्ट आहे."

"गोष्टच आहे की काका."

"तसं नव्हे. सांगणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक आहे. आम्हाला कुठं ठाऊक असायचं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. काल मग कपाटातून 'एचएमएस युलिसिस' काढलं. मॅक्लीनची पहिली कादंबरी, १९५५ ची. पूर्वी मला ती आवडली नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. जड वाटली होती. ना गद्दार, ना केबल कार.

ज्याला आपण भराभर पानं उलटायला लावणारा लेखक म्हणतो, त्याची ही पहिली कादंबरी नुसती माणसांच्या दमण्याची आहे. युलिसिस हे क्रूझर जातीचं जहाज. रशियाला रसद नेणाऱ्या व्यापारी जहाजांना आर्क्टिक समुद्रातून राखत मुरमान्स्कला न्यायचं, हे त्याचं काम. खलाशी इतके खचलेले की गोष्ट सुरू होण्याआधीच जहाजावर बंड होऊन गेलंय, आणि शिक्षा म्हणून त्यांना परत त्याच वाटेवर पाठवलंय. कॅप्टन व्हॅलरीला क्षय आहे, खोकला आला की रक्त पडतं. पुढं वादळ, डेकवर चढणारं बर्फ, पाणबुड्या, विमानं. एकेक जहाज बुडत जातं. पुस्तक आलं तेव्हा नौदलातल्या काही जणांना ते बंड फार झोंबलं होतं म्हणे. आमची माणसं अशी नव्हती, वगैरे. वाचकांनी मात्र ते उचलून धरलं.

मॅक्लीन हे सगळं ऐकीव लिहीत नव्हता. १९४१ मध्ये तो ब्रिटिश नौदलात गेला आणि पुढं 'रॉयलिस्ट' या क्रूझरवर त्याच आर्क्टिकच्या पाण्यात होता. तिथं काय व्हायचं याचा एक आकडा लक्षात राहण्यासारखा आहे: जून १९४२ च्या अखेरीस निघालेल्या पीक्यू १७ या ताफ्यातल्या ३५ व्यापारी जहाजांपैकी २४ बुडाली. मॅक्लीन त्या ताफ्यात नव्हता, पण पाणी तेच, थंडी तीच.

मी 'ताफा' म्हटलं तर अप्पाकाकांनी हात वर केला. "कॉन्वाय म्हण की. आम्ही कॉन्वायच म्हणायचो." मग कॉन्वाय. नंतर लुकआउट, वॉच, सगळं तसंच ठेवलं. उलट जिथं मी शब्दकोशातलं मराठी वापरायला गेलो तिथंच ते अडखळले.

भाषेवरून आठवलं. मॅक्लीनच्या घरी इंग्रजी बोलत नसत हे मला अलीकडे कळलं. जन्म ग्लासगोचा, १९२२ चा, पण वाढला स्कॉटलंडच्या उत्तरेला इनव्हरनेसजवळ. वडील धर्मोपदेशक, आणि घरात गेलिक. इंग्रजी ही त्यानं मागाहून शिकलेली भाषा. घरात मराठी, कचेरीच्या खिडकीपाशी कानडी आणि अर्जावर इंग्रजी असं जगणाऱ्या आम्हा बेळगावकरांना यात काही विशेष वाटायला नको. तरी वाटलं. युद्धानंतर तो ग्लासगोजवळ शाळेत मास्तर होता. १९५४ मध्ये 'ग्लासगो हेरल्ड'च्या कथास्पर्धेत त्याला शंभर पौंडांचं बक्षीस मिळालं. त्या गोष्टीतल्या बोटीचं नाव 'दिलेआस', गेलिकमध्ये 'इमानी'. गोष्ट प्रकाशकांच्या नजरेत भरली, कादंबरी लिही म्हणाले, आणि त्यानं युलिसिस लिहिली. बस, मास्तरकी संपली.

नंतरचं आयुष्य मला तितकंसं रुचत नाही. १९५७ ला नॅव्हरोन, १९६१ ला त्याचा सिनेमा. कादंबरीत जवळजवळ सगळे पुरुषच. सिनेमावाल्यांनी दोन पुरुष काढून तिथं बायका घातल्या. (मॅक्लीनचं मत असं की प्रेमप्रकरणानं गोष्टीचा वेग मरतो. निदान त्याच्या गोष्टींपुरतं ते खरं असावं.) मध्ये लिहिणं सोडून त्यानं दोन-तीन वर्षं हॉटेलं चालवली. मग परत आला, 'ईगल्स'ची गोष्ट तर सिनेमासाठीच रचली, आणि पुढं साचा बसून गेला. एक तुकडी, तुकडीत एक फितूर, मार खाणारा पण न मरणारा नायक, आणि खराब हवामान. एक पुस्तक पाच-सहा आठवड्यांत हातावेगळं करायचा. दारू वाढली. १९८७ मध्ये म्युनिकला गेला, वय ६४. त्याची शेवटची काही पुस्तकं मी अर्ध्यावर टाकलीत आणि त्याचं मला दुःख नाही.

अप्पाकाका १ मराठाचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीचे. १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, त्यांची पलटण तिकडं जमालपूरला होती. तिथला एक प्रसंग असा आहे की मॅक्लीनला मिळता तर त्यानं त्यावर तीन प्रकरणं उभी केली असती. आपल्याकडून वेढ्यातल्या पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी गेली, शरण या. उत्तर आलं ते कागदात गुंडाळलेल्या बंदुकीच्या गोळीसकट. आणि पुढच्या रात्री ती फौज वेढा फोडायला बाहेर पडली, ती थेट मराठ्यांच्या रोखलेल्या बंदुकांपुढं. मी लहानपणापासून हे काकांच्या तोंडून काढायला बघतोय. दरवेळी दोन वाक्यं मिळतात. "हां, पाठवली होती गोळी. मग रात्री आले ते."

काल युलिसिसमधलं ते पान आलं. सलग कित्येक रात्री न झोपलेले खलाशी जागच्या जागी उभे आहेत, हातात थंडगार सँडविच, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मी वाचत होतो, तर काका आपणहून बोलायला लागले. "डोळे उघडे ठेवून झोपायचो रे आम्ही. स्टँड-टू असायचं, बोट ट्रिगरवर, आणि माणूस झोपलेला. शेजारचा पोरगा झोपेत आईला हाक मारायचा. मी त्याला कोपरानं ढोसायचो, आवाज जाऊ नये म्हणून. लढाईचं काय नाही वाटायचं. लढाई आली की झोप उडायची." मग जरा थांबून, "ह्याला ठाऊक आहे," म्हणाले. पुस्तकाकडं बोट केलं, पण पट्टीमुळं ते भिंतीकडं गेलं.

आज मात्र माझी पंचाईत झाली. पुढं रॉल्स्टन येतो. टॉर्पिडोवरचा खलाशी, घरच्यांना आधीच गमावून बसलेला. कॉन्वायमधला एक टँकर पेटलाय, त्याच्या उजेडात रात्री बाकीची जहाजं शत्रूला दिसतील, म्हणून तो आपणच बुडवायचा हुकूम सुटतो. रॉल्स्टन टॉर्पिडो सोडतो. त्या टँकरचा कॅप्टन त्याचा बाप असतो.

हे वगळावं असं मनात आलं. वगळलं नाही, पण भरभर वाचलं. बाहेर पन्हाळीचं पाणी बादलीत पडत होतं तेवढाच आवाज. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं झोपले.

"हुकूम कुणी दिला?"

मी मागं जाऊन पान चाळलं आणि सांगितलं.

"त्याला ठाऊक होतं?"

"पोराला ठाऊक होतं."

"मी पोराचं नाही विचारलं."

मग पाणी मागितलं, पिऊन भिंतीकडं तोंड करून पडले. अजून शंभरेक पानं राहिलीत आणि शेवट काही चांगला नाही, ते त्यांना मी सांगितलेलं नाही. खुणेला लाईट बिलाचा कागद घातलाय. उद्या नऊ वाजता पट्टी बदलायला न्यायचंय. तिथून वाटेत मिलिटरी कँटीन आहे, काकांचं कार्ड बरोबर घ्यायला विसरायचं नाही.