आठ वर्षांनी चारच माद्या कशा?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. चवथीला घरी येणारे पाहुणे, यजमानांचे कारखान्यातले सहकारी आणि अलीकडे जोडधंदा शोधणारी गावातली तरुण मुले, या सर्वांचा मला एकच प्रश्न असतो: "सशांची पैदास तर भराभर होते म्हणतात, मग आठ वर्षे मांसासाठी ससे पाळूनही तुमच्या पडवीत चारच माद्या कशा?" प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बहुधा एक हिशेब असतो. तो मी ओळखते, कारण आम्हीही त्याच हिशेबाने सुरुवात केली होती.

तो हिशेब असा. सशाची मादी साधारण 31 दिवसांत विते आणि एका वेताला सहा ते आठ पिल्ले देते. पिल्ले पाच आठवड्यांनी आईपासून वेगळी केली आणि तिला थोडी विश्रांती दिली, तरी वर्षात पाच वेत सहज बसतात. पिल्लू 12 आठवड्यांत सुमारे दोन किलोचे होते आणि त्यातले निम्मे वजन मांस म्हणून हाती येते. म्हणजे एका मादीमागे वर्षाला 30 पिल्ले, 30 किलो मांस, आणि चार माद्यांचे 120 किलो! आम्ही घरात पाच माणसे. उरलेले मांस विकून खाद्याचा खर्च निघेल, असे यजमानांनी वहीच्या पानावर मांडून दाखवले होते. न्यूझीलंड व्हाईट जातीच्या चार माद्या आणि दोन नर आले. त्या पहिल्या वर्षी आमच्या ताटापर्यंत पोहोचले ते अकरा ससे.

पहिली वजाबाकी उन्हाळ्याने केली. ससा हा थंड हवेचा प्राणी आहे. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः लांब कानांतून बाहेर टाकतो, आणि पारा तिशीच्या पुढे गेला की त्याचे खाणे आणि पैदास दोन्ही मंदावतात. केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे जे दक्षिणेकडचे केंद्र सशांवर काम करते, ते कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूरला आहे. तिथल्या हवेतला ससा आणि आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मंगळुरी कौलांखाली मे महिना काढणारा ससा यांना एकच कोष्टक लावता येत नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये चारही माद्यांना नर दाखवला, 28व्या दिवशी वेताच्या पेट्या ठेवल्या आणि वाट पाहत बसलो. त्याआधीच, सतराव्या-अठराव्या दिवशी, एका मादीने पोटाचे केस उपटून घरटे करायला घेतले होते. ते खोटे गर्भारपण असते हे आम्हाला ठाऊक नव्हते, त्यामुळे सासूबाईंनी तिच्यासाठी मऊ पेंढासुद्धा आणून दिला. एकही मादी व्यायली नाही. पुढे समजले की उष्णतेने नराचे बीज निकामी होते आणि हवा निवली तरी ते पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने जातात. घाटावर पिंजऱ्यांभोवती ओले गोणपाट टांगून गारवा करतात. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की तो गोणपाट वाळत नाही आणि गारवाही देत नाही. आता आम्ही दुपारी नरांच्या पिंजऱ्यात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवतो. ते बाटलीला पाठ लावून पडून राहतात. जीव वाचतो इतकेच, त्या दिवसांत वेताची अपेक्षा आम्ही ठेवत नाही.

दुसरी वजाबाकी पावसाळ्याची, आणि ती अधिक क्रूर आहे. उन्हाळ्यात पिल्ले होत नाहीत, पावसात झालेली मरतात. सशांच्या विष्ठेतून कॉक्सिडिया नावाच्या परजीवीची अंडी बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की ती दोन-चार दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात, आणि जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात या दोन गोष्टींची कमतरता कधीच नसते. दूध तुटलेले पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू सकाळी पाठ फुगवून कोपऱ्यात बसलेले दिसते, त्याचे पोट ढोलासारखे लागते आणि दुसऱ्या दिवशी ते राहत नाही. पहिल्या पावसाळ्यात अशी चौदा पिल्ले मी कुळागरात पोफळींच्या बुंध्याशी पुरली. म्हणून पिंजरा जमिनीपासून हातभर तरी वर आणि तळ जाळीचा असावा लागतो, म्हणजे लेंड्या खाली पडतात. त्यातही गंमत अशी की ससा पहाटे आपल्याच मऊ लेंड्या थेट गुदाशी तोंड लावून खातो. ती त्याच्या पचनाची रीत आहे, रोग नव्हे. सासूबाईंना हे पटवून देण्यात माझे एक वर्ष गेले. जाळीचेही आयुष्य इथे मोठे नाही. मूत आणि पावसाळी हवा मिळून ती तीन-चार वर्षांत गंजते, आणि गंजलेल्या तारेने सशाच्या तळपायाला झालेली जखम भरता भरत नाही.

खाद्याचे तेच. फणसाची पाने, चवळीचा वेल, नेपियर गवत यांना आमच्याकडे तोटा नाही, परंतु पावसात भिजलेला पाला तसाच घातला की पोट फुगते. म्हणून जुलैत आदल्या दिवशी कापलेला पाला आमच्या चुलीवरच्या माळ्यावर पसरलेला असतो आणि घरभर त्याचा वास भरून राहतो. शेंगदाण्याची पेंड पंधरा दिवसांत बुरसते, तेव्हा ती थोडी थोडीच आणावी लागते. कोंबड्यांचे तयार खाद्य स्वस्त आणि हाताशी असते, पण त्यातल्या काहींत सॅलिनोमायसिनसारखे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, सशाला विष ठरते.

औषधांचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूकही सांगून टाकते. आमची सर्वांत शांत मादी शिंकू लागली, तेव्हा मुलाच्या खोकल्यासाठी आणलेले अमॉक्सिसिलिन थोडे उरले होते, ते मी तिला पाजले. चौथ्या दिवशी ती हगवणीने गेली. सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू हे औषध तोंडावाटे दिल्याने मरतात आणि घातक जंतू माजतात, ही गोष्ट मला नंतर एका पशुवैद्यांनी समजावून दिली. गाईगुरे आणि कुत्री तपासणारे डॉक्टर आमच्या भागात आहेत, मात्र सशाला हात लावताना त्यांपैकी बरेच जण प्रामाणिकपणे सांगतात की आपला अनुभव कमी आहे.

याशिवाय बिनबोलावलेले पाहुणे असतातच. नुकती जन्मलेली पिल्ले उघडी आणि आंधळी असतात, आणि आई त्यांना चोवीस तासांत बहुधा एकदाच, तेही काही मिनिटे, दूध पाजते. उरलेला सगळा वेळ पिल्ले पेटीत एकटी. लाल मुंग्यांना तेवढा अवधी पुरतो. पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्याशिवाय इथे वेत वाचत नाही, आणि त्या वाट्या डासांसाठी दर चार दिवसांनी उपसाव्या लागतात. एका सप्टेंबरमध्ये अजगर शिरला, दोन ससे गिळले आणि पोट फुगल्यामुळे ज्या फटीतून आला तिथून त्याला बाहेर जाता येईना. वनखात्याची माणसे येऊन त्याला घेऊन गेली. आमचे ससे अर्थात त्याच्यासोबत गेले.

आता कापण्याविषयी, कारण लोक ते दबक्या आवाजात विचारतात. हे काम यजमान करतात, आणि स्वच्छ, एका क्षणात करतात. परंतु त्यांची कारखान्यातली पाळी बदलती असते. रविवार हुकला की बारा आठवड्यांचा ससा आणखी पंधरा दिवस खातो, आणि या वयानंतर खाल्ल्याच्या मानाने वजन फार चढत नाही. मुलांसाठी आम्ही एक नियम केला होता की ज्याला नाव ठेवले त्याला सुरी लागणार नाही. माद्यांना नावे असावीत आणि पिल्लांना नसावीत, एवढाच त्यामागचा हेतू होता. धाकट्याने नियमातली पळवाट तिसऱ्याच महिन्यात शोधली आणि एका सकाळी अख्ख्या वेताचे बारसे करून टाकले. मोठ्या वाटाघाटींनंतर दरवर्षी एक नाव यावर तह झाला. त्यामुळे आमच्याकडे सध्या दोन निवृत्त ससे आहेत, जे विणार नाहीत आणि शिजणारही नाहीत.

विक्रीबाबत थोडक्यात सांगते. श्रावणात आमच्या बाजूला मागणी शून्यावर येते, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवसांत शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांकडून आधीच सांगावा येतो, आणि त्या वेळी नेमके द्यायला ससे नसतात, कारण त्यांची बीजपेरणी चार महिने आधी, पैदास मंद असताना व्हायला हवी होती. काही जण सशाचे मांस म्हटले की दचकतात आणि रानातून धरलात का असे विचारतात. रानससा वेगळा, त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याची पिल्ले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. आमचा हा पाळीव, बिळात राहणाऱ्या जातीचा. एवढे सांगूनही एका गृहस्थांनी खात्रीसाठी पांढरे कातडे पाहायला मागितले होते. मांसात चरबी अगदी कमी, त्यामुळे सुके केले तर चिवट होते. भाजलेल्या खोबऱ्याची शागोती, म्हणजे आमच्याकडचा मसालेदार रस्सा, हाच त्याला न्याय देणारा प्रकार आहे, असे माझे मत आहे.

तेव्हा आजचा हिशेब असा आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काळ आम्ही पैदाशीचा धरतो. एका मादीचे दोन वेत होतात, त्यांतली नऊ-दहा पिल्ले मोठी होतात, आणि चार माद्यांची मिळून चाळीसच्या आत-बाहेर. महिन्याला दोन-तीन वेळा घरी शागोती होते, थोडे ओळखीच्यांना जाते, आणि लेंड्यांवर मिरवेली मात्र जोमाने वाढल्या आहेत. पिंजरे एकूण दहा: चार माद्यांचे, दोन नरांचे, दोन वाढत्या पिल्लांचे आणि दोन निवृत्तांचे. अकराव्या पिंजऱ्यापुरती जागा पडवीत आहे. तिथे यजमान स्कूटर लावतात, आणि ती हलवा असे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.