पुराच्या रात्रीची हजेरी

माझा जन्म १९८२ चा. घरात मात्र साल कुणी सांगायचं नाही, "पुराच्या पावसात झालेली" एवढंच म्हणायचे. त्या वर्षी म्हादई, ही आमची गोव्यातली नदी, अंगणाखालच्या दगडी गडग्याला लागून परत गेली, आणि आजीने गडग्याच्या चिऱ्यावर कोयत्याने खूण करून ठेवली. शाळेत जाताना आम्ही भावंडं त्या खुणेवर पाय देऊन खाली उडी मारत असू. पाणी याच्या वर कधी येणार नाही, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं.

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहायला सांगितलीत. वर्गातल्या आठवणी पुष्कळ आहेत, आमच्या १९९८ च्या दहावीच्या तुकडीतलं कुणीही त्या सांगेल. मी सांगते ती आठवण शाळेत एकही वर्ग भरत नव्हता तेव्हाची.

२०२१ चा पावसाळा. कोरोनामुळे शाळेचे बहुतेक वर्ग वर्षाहून अधिक काळ बंद होते. मुलं मोबाइलला रेंज मिळावी म्हणून पावसात छत्री घेऊन डोंगरावर चढायची आणि झाडाखाली बसून धडे ऐकायची. मी नोकरीसाठी फोंड्याला असते, पण त्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि १६ तारखेच्या रविवारी परसातला फणस आमच्या पडवीवर पडला. निम्मी कौलं फुटली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक दिवस वाड्यावर काळोख. बाबा घरी एकटेच. म्हणून मी आले ती राहिलेच. पडवीवर ताडपत्री बांधली आणि कौलं चवथीच्या आधी घालू म्हटलं.

जुलैचा तिसरा आठवडा नुसता कोसळत होता. २२ तारखेला चिपळूण बुडाल्याची चित्रं मोबाइलवर आली. घाटात पडणारा तोच पाऊस आमच्याकडे म्हादईतून आणि तिला मिळणाऱ्या व्हाळांतून उतरतो. संध्याकाळी बाबा गडग्यापाशी उभे राहून बराच वेळ नदीकडे बघत होते. परवा पौर्णिमा, म्हणाले. म्हणजे समुद्राला मोठी भरती, आणि खाली म्हादईचीच मांडवी होते, तिच्यात भरती पार गांजे गावापर्यंत चढते. वरून येणाऱ्या पाण्याला वाट कोण देणार? एवढं सगळं कळत असूनही त्यांनी शेवटी खुणेकडे बोट दाखवलं आणि आम्ही झोपलो. मला अजून त्याचं वाईट वाटतं. वाड्यावरच्या बहुतेक घरांनी तेच केलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका खुणेवर आम्ही सगळे डोकं टेकून निजलो होतो.

पहाटे बाबांचा हात खांद्यावर पडला. "बाये, उठ. न्हंय आंगणांत पावली." नदी अंगणात पोचली होती.

पुराला मोठा आवाज असेल अशी माझी कल्पना होती. आमच्या अंगणात तो आला तो मुकाट. आधी वास आला, कुजक्या पाल्याचा आणि ओल्या मातीचा. मग बॅटरीच्या उजेडात दिसलं, तुळशीवृंदावनाभोवती कुळागरातल्या हिरव्या सुपाऱ्या गोल गोल फिरत होत्या. गोठ्यात दोन गाई पोटापर्यंत पाण्यात. दाव्याची गाठ भिजून इतकी फुगली होती की बोटांनी सुटेना. बाबांनी कोयत्याने दावी कापली. एका गाईच्या मानेला पातं थोडं लागलं, तरी ती हलली नाही. मग दोघी आमच्या पुढे चालू लागल्या, आणि त्या चढाच्या दिशेने गेल्या म्हणूनच अंधारात आम्हालाही पायवाट सापडली. चढ संपला तिथे शाळा.

शाळेची जुनी इमारत रस्त्याला लागून आणि सभागृह वरच्या माळावर. शिपाईकाकांनी कुलूप उघडून ठेवलं होतं. उजाडेपर्यंत खालच्या दोन्ही वाड्यांवरची माणसं तिथे जमली. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या डोक्यावर देव्हारा, एका काकूच्या हातात नुसती चुलीवरची तपेली. जो तो मोठमोठ्याने कुणाला तरी हाका मारत होता आणि त्या गलक्यात कोण आलं, कोण राहिलं, कशाचा पत्ता लागत नव्हता.

तेवढ्यात फळ्यावर खडूचा आवाज आला. गणिताचे आमचे सर, निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली, लुंगीवर भिजलेला सदरा. त्यांनी फळ्यावर घरांची नावं लिहायला घेतली होती, नदीकाठच्या घरापासून वर. मग वळले आणि त्याच जुन्या आवाजात म्हणाले, "हजेरी घेतो. गप्प बसा."

साठ-सत्तर माणसं गप्प बसली. साठीतले बाप्ये आणि त्यांची नातवंडं एका रांगेत. सर घराचं नाव घेत, मग माणसांची. "हजर सर." "हजर." वर्गात मी कितीदा कंटाळून म्हटलेला शब्द, आणि त्या दिवशी प्रत्येक 'हजर'ला आजूबाजूच्या बायांचा श्वास सुटलेला ऐकू येत होता. अकराव्या घराला कुणी उत्तर दिलं नाही. तिथे एकटी म्हातारी राहायची. शेजाऱ्यांना वाटलं भाच्याने नेली, भाच्याला वाटलं शेजाऱ्यांनी आणली. सरांनी पुन्हा नाव घेतलं आणि खडू तिथेच टेकवून थांबले. आमच्या तुकडीतले दोघे ट्रकची ट्यूब आणि दोर घेऊन उतरले. तासाभराने तिला आणली, माळ्यावर सुपारीच्या पोत्यांवर बसून राहिली होती. ती सभागृहाच्या दारात आली तेव्हा सर एवढंच म्हणाले, "आता सांग." ती कधी शाळेत गेलेली नव्हती. लुगड्याचं टोक पिळत हळूच म्हणाली, "हजर."

तो १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितलं. ज्या म्हादईच्या पाण्यासाठी राज्याराज्यांत लवाद चालला, तीच ही नदी.

खरी पडझड पाणी ओसरल्यावर झाली, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. मातीच्या भिंतींना पाण्याचा दाब दोन्हीकडून असतो तोवर त्या उभ्या राहतात. पाणी उतरलं, वर ऊन पडलं, की बुडाशी लोणी झालेली भिंत बसते. दुपारी सभागृहात बसून आम्ही एकेक घर पडल्याचा आवाज ऐकत होतो. आवाजावरून कुणाचं ते बाया ओळखत होत्या.

पुढचे दोन महिने शाळा हेच आमचं घर. सकाळी फावडी-घमेली घेऊन खाली जायचं, गाळ उपसायचा, पंप लावून विहिरी रिकाम्या करायच्या, ब्लीचिंग पावडर टाकायची. लावणी झालेली शेतं रेवेखाली गेली होती. वरच्या गावांनी स्वतःच्या शेतातला उरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, डोक्यावरून आणून दिला, आणि पैसे विचारले तर रागावले. चित्रशाळेतल्या चवथीच्या मूर्ती पुन्हा चिखल झाल्या होत्या. मूर्तिकाराने तीच माती गाळून, मळून पुन्हा हात लावला. १० सप्टेंबरला घराघरांत, आणि जिथे घर नव्हतं तिथे ताडपत्रीखाली, त्याच मातीचा गणपती बसला. वर माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला, जे मिळालं ते.

पण मला सांगायचं आहे ते जनरल रजिस्टरचं.

जुन्या इमारतीत कमरेएवढं पाणी चढलं आणि कचेरीतल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे भिजले. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची ओळ ज्यात असते ती रजिस्टरं तिथेच होती. इकडे माणसांची कागदपत्रं घरांबरोबर गेलेली. घर पुन्हा बांधायला अर्ज करायचा तर पुरावा हवा, आणि एका कार्यालयात तर एका विधवेला "आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा" असं ऐकावं लागलं. ती रडत शाळेत आली. जन्मतारीख, वडिलांचं नाव, गाव, हे सगळं एकत्र लिहिलेलं ठिकाण आता तेवढं एकच उरलं होतं.

म्हणून आम्ही रजिस्टरं वाळवली. पान फाटू नये म्हणून दोघींनी दोन बाजूंनी धरायचं, मधे वर्तमानपत्राचा कागद सारायचा, दर तासाला तो बदलायचा. वीज नव्हती तोवर सुपांनी वारा घातला. बॉलपेनने लिहिलेली पानं वाचली. पहिल्या सात-आठ वर्षांची नोंद शाईपेनाची होती, ती पसरून निळे ढग झाले होते. सरांनी त्या वर्षांच्या मुलांना निरोप धाडले. पन्नाशी-साठीतली माणसं येऊन बाकावर बसायची, आपलं नाव, बापाचं नाव, शेजारी कोण बसायचं ते सांगायची, आणि सर कच्च्या यादीत लिहून घ्यायचे. एकाला दुसरा आठवायचा, दुसऱ्याला तिसरा. वारलेल्यांची नावं सांगायलाही माणसं आली. ती यादी पुढे भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली. त्या विधवेला दाखला मिळाला, तिचं घर आता चिऱ्याचं आहे.

माझी आई १९७४ च्या पहिल्या तुकडीतली. आठवीत नाव घातलं आणि वर्षाच्या आत काढलं. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली. लग्नानंतर रेशनकार्डापासून मतदारयादीपर्यंत सगळीकडे तिचं सासरचं नाव. माहेरच्या नावाने ती कागदावर कुठे राहिली असेल, असा विचारही मी कधी केला नव्हता.

पहिल्या रजिस्टराचं दुसरं पान मी धरलं होतं, पलीकडून सरांनी. तेविसाव्या ओळीवर ते थांबले. नावाच्या जागी निळा डाग, त्यातून सुरुवातीचं एक अक्षर आणि शेवटची वेलांटी तेवढी वर आलेली. शेरा कडेला होता म्हणून वाचला होता: 'घरकामासाठी'.

सरांनी कच्ची यादी पुढे ओढली आणि पेन माझ्या हातात दिलं. तेवीस आकड्यासमोर मी आईचं माहेरचं पूर्ण नाव लिहिलं. सरांनी ते मोठ्याने वाचलं, आणि मी म्हटलं, "हजर सर."