रूथ ब्राऊन ऐकताना
आज दुपारी कपाट आवरताना अमेरिकन गायिका रूथ ब्राऊन यांची १९५०च्या दशकातली गाणी लावली होती आणि शब्दाच्या शेवटी एकदम वर जाऊन चिरकणारा तो आवाज आला, की प्रत्येक वेळी हातातली घडी तशीच राहत होती. व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथच्या या गायिकेमुळे अटलांटिक रेकॉर्ड्स ही गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी इतकी भरभराटीला आली, की लोक तिला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणू लागले. त्याच रूथबाईंना पुढे मुलांना वाढवण्यासाठी लोकांच्या घरी कामे करावी लागली, शाळेची बस चालवावी लागली, हे आठवून आजही जीव कळवळला. हक्काच्या रॉयल्टीसाठी त्या वर्षानुवर्षे झगडल्या आणि १९८८ साली कंपनीला त्यांच्यासह इतर जुन्या कलाकारांचेही थकलेले पैसे देणे मान्य करावे लागले.