टाच टेकवेना: माझा अनुभव

टाच दुखते म्हटलं की चारचौघांचं निदान ठरलेलं असतं, ‘हाड वाढलंय’. मलाही वडोदऱ्यात, आमच्या दांडिया बाजारात, भेटेल त्याने तेच सांगितलं. एक्स-रेत टाचेखाली बारीक टोक दिसलंही. पण हाडांचे डॉक्टर म्हणाले, “असं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्याही पायात सापडतं. त्याच्या मागे लागू नका.” मग त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला, कमान सुरू होते तिथे अंगठ्याने दाबलं आणि मी कळवळलेच.

दुखणं सुरू झालं नवरात्रानंतर. आम्हा वडोदऱ्याच्या लोकांचा गरबा अनवाणी, तोही रात्री उशिरापर्यंत. घरात सगळीकडे कोटा स्टोन आणि स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही, ही सासूबाईंच्या काळापासूनची रीत. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. थोडं चाललं की सैल पडायचं, बसून उठलं की पुन्हा तेच. हीच या दुखण्याची खूण. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो कमान तोलून धरतो. कडक जमिनीवर तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, सपाट पाय किंवा फार उंच कमान, पातळ तळाची चप्पल, यांनी तो टाचेपाशी दुखावतो. डॉक्टर त्याला प्लान्टर फॅसायटिस म्हणतात. चाळिशी ते साठीत हे जास्त दिसतं.

डॉक्टरांनी आणखीही विचारलं. तळव्याला मुंग्या येतात का? मधुमेहात किंवा नस दबल्यावर तसं होतं. दुखणं टाचेच्या मागच्या बाजूला आहे का? तर पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरीसारखी शीर (कंडरा) बघावी लागते. अंगठ्याचा सांधा अचानक लाल होऊन सुजतो का? मग युरिक अॅसिड तपासायचं. मला हे विचारणं फार आवडलं, कारण पाय दुखतो म्हणून सगळ्यांना एकच गोळी देऊन चालत नाही.

खरा उपाय फिजिओथेरपीच्या मुलीने हातात दिला. “मासी, टाच राहू द्या, पोटरी बघा किती कडक झालीय!” पोटरी आखडली की पट्ट्यावर ताण येतो. म्हणून भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, असं ३० सेकंद पुढे झुकायचं. आणि सकाळी पाय खाली टेकवण्याआधीच तो मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, १० मोजायचे, असं १० वेळा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपायचा. पट्टा ताठ लागला तरच ताण नीट बसतोय. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तळव्याखाली फिरवायची. घरातही मऊ, टाच किंचित उंच असलेली चप्पल. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, ओट्याशीही घाल.

इंजेक्शनने लगेच मोकळी होशील, असं जाऊबाई म्हणत होत्या. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. स्टेरॉइडने आराम पडतो, पण वारंवार घेतलं तर पट्टा कमजोर होऊन फाटू शकतो, आणि बहुतेकांना वर्षभरात व्यायामानेच बरं वाटतं. महिने गेले, पण सकाळचं पहिलं पाऊल हळूहळू सोपं झालं. गौरीजेवणाला दिवसभर ओट्याशी उभी राहिले तर टाच अजून कुरकुरते. त्या दिवशी बाटली दोनदा फिरवते आणि भिंतीचा व्यायाम चुकवत नाही.